चोरखिसा, कार्ड की मोबाइल? परदेशी निघालेल्यांसाठी एक निवाडा

उदगीरच्या आमच्या दाजींनी दुबईची सहल ठरवली आणि बुकिंगनंतरचं पहिलं काम म्हणून शिंप्याकडं जाऊन बंडीला आतून चोरखिसा लावून आणला. खिसा नामी झालाय. काखेच्या खाली आडवा, वर झाकण, झाकणाला दोन टिचबटणं, दोरासुद्धा बंडीच्या रंगाचा. "आता कुठंबी फिरतो," असं म्हणत त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला बटणं उघडून-लावून दाखवली. ताईचा मात्र खिशावर विश्वास नाही. तिला पुतण्यानं सांगितलंय की आता सगळं फोनवरच होतं, नोटा कोण वागवत बसतंय. दोघांचं जमेना, म्हणून भांडण माझ्याकडं आलं.

मी बँकेत नाही, ट्रॅव्हल एजंटही नाही. चार-पाच वेळा बाहेर जाऊन आलोय आणि दोनदा स्वतःच्या हातानं फजिती करून घेतलीय, एवढीच पात्रता. त्यातून एक सवय लागली. कुठली वस्तू चोरीला जायची शक्यता कमी, हे मी बघतच नाही. गेलीच, तर परत काय येतं आणि किती दिवसांनी येतं, ते बघतो. दाजींच्या खिशाला आणि ताईच्या फोनला तीच फूटपट्टी लावली.

नोटा

गेल्या की गेल्या. पोलिसांत तक्रार नोंदवता येते, कागद मिळतो, नोट मिळत नाही. या फूटपट्टीवर रोकड सगळ्यात खाली.

तरीही रोकडीशिवाय जाऊ नका असंच मी सांगीन, कारण रात्री बाराला परक्या विमानतळावर कार्ड चाललं नाही तर हातातली नोटच चालते. प्रश्न किती न्यायची हा आहे. दुबईसारख्या ठिकाणी जाताना एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतचं परकीय चलन नोटांमध्ये घेता येतं, त्यावरचं कार्डावर घ्यावं लागतं. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांना यात सवलत आहे. आपले रुपये माणशी २५,००० पर्यंत नेता येतात. दाजींचा बेत असा होता, की आडतीवरून आलेलं तुरीच्या पैशाचं पुडकं तसंच हैदराबाद विमानतळावर न्यायचं आणि तिथल्या काउंटरवर दिरहम घ्यायचे. हा बेत दोन ठिकाणी अडतो. एक तर विमानतळावरचा भाव शहरातल्या भावापेक्षा वाईट असतो. दुसरं, ५०,००० रुपयांच्या वरचं चलन घ्यायचं तर पैसे खात्यातून द्यावे लागतात, रोख चालत नाहीत. तालुक्याच्या शाखेत दिरहम मिळायचे नाहीत. त्यामुळे संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबादच्या एखाद्या अधिकृत चलन विक्रेत्याकडं आठवडाभर आधी चक्कर मारणं आलं. प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून चलन घेता येतं, घाई करायचं कारण नाही.

डॉलर घ्यावेत की दिरहम? दुबईपुरतं बोलायचं तर फारसा फरक नाही. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. पहिल्या दिवसापुरते दिरहम आणि बाकीचे डॉलर असं मी करतो, कारण उरलेले डॉलर पुढच्या खेपेला कुठंही चालतात आणि २,००० डॉलरपर्यंत घरी ठेवायला नियमाची आडकाठी नाही.

चोरखिशाची एक खोड कुणी सांगत नाही. तिकडच्या उन्हात बंडीचा खिसा तासाभरात ओला होतो. बँकॉकला कमरेच्या पट्ट्यातून काढलेली माझी शंभर डॉलरची नोट घामानं दमट होऊन घडीवर मऊ पडली होती. काउंटरवरच्या बाईनं ती दोन बोटांत धरली, उजेडाकडं केली, घडीवरून नख फिरवलं आणि काही न बोलता परत सरकवली. डॉलरच्या नोटेवर शाईचा ठिपका असला किंवा कोपरा फाटलेला असला तरी हेच होतं. नोटा आधी प्लास्टिकच्या चेनच्या पाकिटात, मग खिशात.

चलन बदलायचं दाजींना नवल वाटायला नको खरं तर. त्यांचे आजोबा लातूरकडून बार्शीच्या बाजाराला जायचे तेव्हा तो परदेशच होता. इकडं निजामाचा हाली सिक्का, तिकडं इंग्रजांचा कलदार, आणि सात हालीला सहा कलदार हा हिशेब तोंडपाठ. आजोबांच्या कमरेला दोन कसे, म्हणजे पैशाच्या पिशव्या, असायच्या, एकीत हाली आणि दुसरीत कलदार. एक सुटली तरी दुसरी राहते, असं ते म्हणत. हाली १९५९ साली कायमचा बंद झाला, पण ही युक्ती अजून चालते.

कार्ड, पण कोणतं?

बँकेचं नेहमीचं डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड आणि आधी परकीय चलन भरून न्यायचं फॉरेक्स कार्ड ही तिन्ही दिसायला एकसारखी. हरवल्यावर मात्र तीन तऱ्हा होतात.

डेबिट कार्ड थेट बचत खात्याला जोडलेलं, म्हणजे चोराच्या हातात घराच्या कोठीची किल्ली. क्रेडिट कार्डावर आधी बँकेचे पैसे जातात, वाद घालायला आपल्याला वेळ मिळतो. फॉरेक्स कार्डात आपण जेवढे भरले तेवढेच असतात आणि खात्याशी त्याचा संबंध नसतो. बऱ्याच बँका त्याच्या पाकिटात जोडीला एक जादा कार्डही देतात. पहिलं बंद केलं की दुसरं सुरू करून घ्यायचं, शिल्लक तशीच. पैसे संपले तर इथून मुलगा नेट बँकिंगवरून भरू शकतो. माझी फूटपट्टी इथं थांबते: पहिल्यांदा जाणाऱ्यानं मुख्य रक्कम फॉरेक्स कार्डावर ठेवावी. दिरहम भरलेल्या कार्डानं थायलंडमध्ये खर्च केला तर वेगळं शुल्क कापतात, तेवढं ध्यानात ठेवावं.

खर्चाचा हिशेबही बघा. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परकीय व्यवहाराला साधारण २ ते ३.५ टक्के जादा लागतात आणि त्या जादा रकमेवर १८ टक्के जीएसटी. ताईनं २०,००० रुपयांची खरेदी केली आणि दर ३.५ टक्के असला, तर ७०० अधिक १२६, म्हणजे ८२६ रुपये वरचे. यात आणखी एक सापळा आहे. दुकानातलं यंत्र विचारतं, रुपयांत देणार की इथल्या चलनात? रुपये ओळखीचे म्हणून माणूस तेच दाबतो, आणि दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो. तिथलंच चलन दाबायचं, दर वेळी.

आता माझी फजिती. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू होऊन येतं, परदेशातला वापर आपण ॲपमधून सुरू करायचा असतो. मी केला नव्हता. बँकॉकच्या एटीएमनं तीनदा कार्ड परत दिलं. कार्डामागचा १८०० चा नंबर लावला तर तो लागेना, कारण हे फुकटचे नंबर बहुधा देशाबाहेरून लागत नाहीत. ॲप उघडलं तर ओटीपी माझ्या भारतातल्या सिमवर, आणि रोमिंग बंद. चूक सगळी माझीच. तेव्हापासून बँकेचा ९१ नं सुरू होणारा साधा नंबर कागदावर लिहून नेतो आणि रोमिंग निदान एसएमएसपुरतं चालू ठेवतो.

तो नंबर आणखी एका कारणासाठी लागतो. कार्डावर कुणी बाहेरच्यानं डल्ला मारला, आपली वा बँकेची चूक नसली आणि व्यवहाराचा बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर तोशीस नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक सांगतं. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवला असेल तर हे संरक्षण विसरा. आणि हो, परदेशी संकेतस्थळं ओटीपी मागतीलच असं नाही, नुसत्या नंबरावर खरेदी होऊ शकते. म्हणून ॲपमधून मर्यादा कमी करून ठेवावी.

ताईच्या फोनबद्दल थोडक्यात. यूपीआय आता संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, नेपाळ, भूतान, मॉरिशस, श्रीलंका, फ्रान्स अशा देशांत ठरावीक दुकानांत चालतं. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी चालू करावा लागतो. सोय झकास आहे, पण भरवसा ठेवण्याजोगी नाही. फोन गेला तर यूपीआय, बँकेचं ॲप, ओटीपीचं सिम, तिकिटं, सगळं एका फटक्यात जातं. म्हणून फूटपट्टीवर फोन नोटांच्या जरासाच वर.

अंगावर की खोलीत?

कमरेचा पट्टा, गळ्यातलं पाकीट, हॉटेलची तिजोरी. गळ्यातल्या पाकिटाचा दोर मानेमागं दिसतो, मला ते आवडत नाही. पट्टा उत्तम, पण भर बाजारात शर्ट वर करून त्यातून पैसे काढायचे नाहीत, नाहीतर लपवून उपयोग काय. दिवसाचा खर्च पुढच्या खिशात सुटा ठेवायचा. यातलं खरं शिक्षण मला शेजारच्या चाचांनी दिलं. हज-उमऱ्याला पुरुष नेसतात तो एहराम म्हणजे दोन बिनशिवण चादरी, खिसा नावाची गोष्टच नाही. म्हणून उमऱ्याला जाणारे बहुतेक पुरुष कमरेला खिशांचा पट्टा बांधतात, आणि चाचा त्यातही दोन कप्पे वेगळे ठेवतात.

तिजोरीचा माझा अनुभव असा, की चोर आला नाही, मीच विसरलो. पासपोर्ट आत आणि मी विमानतळाच्या बसमध्ये. अर्ध्या रस्त्यातून परतलो. आता तिजोरीत पासपोर्टावर एक बूट ठेवतो. अनवाणी कोण निघतंय?

पासपोर्ट

पैसे गेले तर घरून येतात. पासपोर्ट घरून येत नाही. तो हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत नोंद, मग आपला दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. दुबईत वाणिज्य दूतावास आहे, अबुधाबीत दूतावास. लगेच परतायचं असेल तर एकदाच भारतात यायला चालणारा आपत्कालीन दाखला मिळतो, गल्फमधली आपली माणसं त्याला आउटपास म्हणतात. त्यानं फक्त घरी येता येतं, पुढची सहल होत नाही, आणि व्हिसाही गेल्यामुळं तिथल्या इमिग्रेशनचं वेगळं काम उरतं.

या धावपळीत खरा उपयोग झेरॉक्सचा. पहिलं पान, मागचं पान, व्हिसा, आणि दोन फोटो. मागच्या पानावर फाइल नंबर असतो, नवीन पासपोर्ट काढताना तो हाताशी लागतो. डिजिलॉकरवरची कागदपत्रं देशात मूळ प्रतीसारखी चालतात, बाहेर त्यांच्यावर कुणी दार उघडत नाही. तरी फोनमध्ये आणि ई-मेलवर फोटो असू द्यावा. झेरॉक्स पासपोर्टाच्याच पिशवीत ठेवू नका. हे सांगायला लागू नये, पण आमच्याच घरात झालंय.

टूर मॅनेजर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतात, ज्येष्ठांना ते बरंही वाटतं. चेक-इनपुरतं द्या, मोजून परत घ्या. १९६७ च्या कायद्यानं पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. तो भाड्याच्या स्कूटरसाठी अनामत म्हणून ठेवायला आपल्यालाही हक्क नाही, तिकडं कामाला गेलेल्यांच्या मालकाला दाबून ठेवायलाही नाही.

तर निवाडा असा झाला. तीन हिस्से फॉरेक्स कार्डावर, एक हिस्सा नोटांत. क्रेडिट कार्ड एकच, तेही मर्यादा कमी करून. ताईच्या फोनवर यूपीआय, गंमत म्हणून. जादा कार्डांची अदलाबदल: दाजींचं ताईकडं, ताईचं दाजींकडं.

"मग माझ्या खिशात काय ठेवू?" दाजींचा आवाज जरा पडला होता.

ताईचं जादा कार्ड, पासपोर्टाची झेरॉक्स आणि शंभर डॉलरची एक नोट, प्लास्टिकात, असं सांगितलं. ते पटलं. काल ताईचा मेसेज आला, तिनं दोन परकर त्याच शिंप्याकडं टाकलेत, आणि टिचबटणाऐवजी चेन लाव म्हणून सांगितलंय.