सही करण्याआधी : ख्रिस्ताचं राज्य आत्ताचं की येणारं?

हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा कागदासोबत येतो. कुणीतरी लग्नानंतर किंवा बदलीनंतर नव्या मंडळीत जायला लागतं. उपासना आवडते, माणसं जीव लावतात, आणि मग सभासदत्वाच्या अर्जाबरोबर विश्वासपत्रक हातात पडतं. त्रैक्य, क्रूस, पुनरुत्थान, सगळं ओळखीचं. शेवटच्या एखाद्या कलमाशी गाडी अडते : प्रभू महासंकटापूर्वी, म्हणजे जगाच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या छळाच्या काळापूर्वी, आपल्या लोकांना मेघात घेऊन जाईल, नंतर परत येऊन यरुशलेमेतून हजार वर्षं राज्य करील. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात वाढलेल्या माणसाने प्रभुभोजनाच्या वेळी एवढंच म्हटलेलं असतं की ख्रिस्त मरण पावला, ख्रिस्त उठला, ख्रिस्त पुन्हा येईल. वसईच्या कॅथलिक घरातली मुलगी दर वर्षी ख्रिस्तराजाचा सण साजरा करत आलेली असते. तिच्या लेखी राजा आधीच गादीवर आहे. मग हे हजार वर्षांचं काय, आणि सही करायची की नाही?

वादाला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ख्रिस्त पुन्हा येईल, सर्वांना दिसेल असा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, मेलेले उठतील, यावर या सगळ्या बाजूंचं एकमत आहे. 381 मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेने मान्य केलेल्या विश्वासांगीकारात ‘त्याच्या राज्याला अंत नाही’ हे शब्दही आहेत आणि ते सगळ्यांना मान्य आहेत. आपण ज्यावर भांडतो ते त्याच्या आत बसणारं, एका अध्यायाचं भांडण आहे.

तो अध्याय म्हणजे प्रकटीकरण 20. दुसऱ्यापासून सातव्या वचनापर्यंत ‘हजार वर्षं’ सहा वेळा येतात. सैतानाला साखळदंडाने बांधून अथांग डोहात टाकलं जातं, साक्षीसाठी ज्यांचा शिरच्छेद झाला ते जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर राज्य करतात, मग सैतान थोडा काळ सुटतो, शेवटची लढाई, शेवटचा न्याय. बायबलमध्ये इतर कुठेही ही हजार वर्षं अशी मोजून सांगितलेली नाहीत. ती ख्रिस्ताच्या येण्याच्या आधी मांडायची की नंतर, आणि ती अक्षरशः हजार आहेत की नाहीत, यावरून पंथ पडले.

नावं इंग्रजीतून आलेली आहेत आणि सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून, आलेले पाळकही तीच वापरतात, म्हणून मीही तीच ठेवतो. अमिलेनियल म्हणतात : ही हजार वर्षं म्हणजे आत्ताचाच काळ, ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा. पोस्टमिलेनियल म्हणतात : सुवार्ता जगभर पसरून एक सुवर्णकाळ येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. प्रीमिलेनियल म्हणतात : ख्रिस्त आधी येईल, मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील. या तिसऱ्या घरात दोन चुली आहेत. ऐतिहासिक प्रीमिलेनियल लोकांना ख्रिस्ताचं येणं एकच आहे, तेही महासंकटानंतर. डिस्पेन्सेशनल लोकांना ते दोन टप्प्यांत आहे : आधी मंडळीला गुपचूप उचलून नेणं, मग सात वर्षांचं संकट, मग उघड येणं. तुमच्या हातातल्या कागदावर बहुधा हीच दुसरी चूल पेटलेली आहे.

आता वय. नव्या मंडळीत कुणी ‘पहिल्या शतकापासून सगळे हेच मानत होते’ असं म्हणालं तर त्यात अर्धं सत्य आहे. हजार वर्षांच्या पृथ्वीवरच्या राज्याची आशा खरंच फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात पापियस, जस्टिन मार्टिर, आयरेनियस हे मंडळीचे शिक्षक तीच धरून होते. पण जस्टिनने स्वतःच नोंदवून ठेवलंय की शुद्ध विश्वासाचे बरेच ख्रिस्ती याबाबत वेगळा विचार करतात. पुढे उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याने, जो सुरुवातीला स्वतः हजार वर्षांच्या राज्याच्या बाजूचा होता, 426 च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ही वर्षं मंडळीच्या काळाला लावली. रोमच्या मंडळीत आणि नंतर सोळाव्या शतकातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांमध्ये तोच अर्थ रुजला. 1534-35 मध्ये म्युन्स्टर शहर ताब्यात घेऊन काही अ‍ॅनाबाप्टिस्टांनी (फक्त प्रौढांचा बाप्तिस्मा मानणाऱ्यांनी) पृथ्वीवरचं राज्य स्वतःच स्थापायचा रक्तरंजित प्रयोग केला, तेव्हापासून तर युरोपातल्या मोठ्या मंडळ्यांना हा विषय निघाला की घाम फुटायचा. मंडळीला संकटाआधी उचलून नेण्याची शिकवण मात्र पद्धतशीर रूपात आली ती 1830 च्या दशकात, ब्रदरन मंडळींच्या जॉन नेल्सन डार्बीकडून, आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलमधल्या तळटीपांनी ती घराघरांत पोचवली. तळटीप वचनाच्याच पानावर छापली की वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच पवित्र वाटू लागतात, हा माझा अनुभव.

पण जुनं म्हणजे खरं असं नसतं, म्हणून वय बाजूला ठेवून वचनांकडे येऊ.

पहिली कसोटी गादीची. माझ्या मते निर्णय इथे होतो, प्रकटीकरणात नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्राने स्तोत्र 110 घेतलं, ‘माझ्या उजवीकडे बैस’ हे, आणि म्हणाला की ज्या येशूला तुम्ही वधस्तंभावर दिलं त्याला देवाने प्रभू आणि ख्रिस्त करून ठेवलंय. आणि तो हे दाविदाच्या गादीच्या वचनाला जोडूनच बोलतो. पौल करिंथकरांना लिहितो की सर्व शत्रू पायाखाली येईपर्यंत ख्रिस्ताने राज्य केलंच पाहिजे. ‘येईपर्यंत’ म्हणजे राज्य चालू असताना शत्रू अजून उरलेले आहेत. अमिलेनियल मांडणीचं बळ सगळं इथे आहे. जुन्या ढंगाचे डिस्पेन्सेशनल शिक्षक यावर म्हणतात की ख्रिस्त सध्या पित्याच्या सिंहासनावर आहे, दाविदाचं सिंहासन यरुशलेमेत असेल आणि ते अजून रिकामं आहे. मला हे वाचताना पेत्राचं भाषण मधूनच तोडल्यासारखं वाटतं. त्यांच्याच परंपरेतल्या नव्या अभ्यासकांनी ही बाजू बरीच सैल केली आहे आणि ख्रिस्त आत्ताच दाविदाच्या गादीवर आहे असं ते मान्य करतात. नव्या मंडळीच्या पाळकांना हे विचारून पाहा. उत्तरावरून ते कोणत्या पिढीचे आहेत ते कळेल.

दुसरी कसोटी साखळदंडाची, आणि इथे अमिलेनियल पक्षाला घाम फुटतो. सैतान आत्ता बांधलेला आहे? पेपर उघडा आणि सांगा. पेत्र स्वतः त्याला गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरणारा म्हणतो. अमिलेनियल उत्तर असं, की वचनात बांधण्याचा हेतू एकच दिलाय : त्याने राष्ट्रांना फसवू नये. येशूनेच म्हटलं होतं की बलवानाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर लुटता येत नाही, आणि सुवार्ता यहूदियाबाहेर राष्ट्रांत गेली ती याच बांधण्यामुळे. उत्तर वाईट नाही. पण पुढचं वचन अधिक अवघड आहे. हुतात्मे ‘जिवंत झाले’ असं चौथ्या वचनात म्हटलंय, आणि ‘मेलेल्यांपैकी बाकीचे हजार वर्षं पूर्ण होईपर्यंत जिवंत झाले नाहीत’ असं पाचव्यात. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद एकच. दुसऱ्या ठिकाणी ते शरीराचं पुनरुत्थान आणि पहिल्या ठिकाणी मात्र आत्म्याचं स्वर्गात जिवंत असणं, अशी फोड करावी लागते. ऐतिहासिक प्रीमिलेनियल मांडणी या एका ठिकाणी सगळ्यांत साधी वाचते, आणि हे मी दुसऱ्या बाजूला असूनही कबूल करतो. हजार हा आकडा मात्र मला अडवत नाही. ‘हजार डोंगरांवरची गुरं माझी’ असं देव स्तोत्रात म्हणतो, तेव्हा हजार एकाव्या डोंगरावरची गुरं कुणाची असं कुणी विचारत नाही. सहस्रनामाच्या देशात हे समजावून सांगायला नको.

तिसरी कसोटी येण्याची. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातलं वचन जवळपास प्रत्येक ख्रिस्ती दफनविधीत वाचलं जातं : जिवंत उरलेले आपण मेघारूढ होऊन प्रभूला सामोरे होण्यासाठी अंतराळात घेतले जाऊ. डिस्पेन्सेशनल मांडणी म्हणते, हेच ते संकटाआधी उचलणं, आणि मग तिथूनच स्वर्गात. आपल्या मराठी बायबलने इथे ‘सामोरे’ हा शब्द घालून आपल्यावर उपकार केलेत. ज्या ग्रीक शब्दाचं ते भाषांतर आहे तो प्रेषितांच्या कृत्यांत शेवटी येतो : पौल कैदी म्हणून रोमकडे निघालाय, आणि रोमचे बंधू वाटेतल्या अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे येतात. ते त्याला घेऊन परत फिरत नाहीत जिकडून तो आला तिकडे. ते त्याच्यासोबत रोममध्ये येतात. दहा कुमारींच्या दाखल्यात वराला सामोरं जाणं हाच शब्द. सीमांतपूजन पाहिलेल्याला हे चित्र सरळ दिसतं. वरपक्ष वेशीवर आला की वधूकडची मंडळी सामोरी जातात, ओवाळतात आणि त्याला मांडवात आणतात. वेशीवरूनच नवरदेवासोबत त्याच्या गावी निघून जाण्यासाठी कुणी सीमांतपूजनाला जात नाही. शब्दावरून संपूर्ण शिकवण सिद्ध होत नाही हे मान्य, पण दोन टप्प्यांच्या येण्याला या वचनातून आधार मिळवणं मला कठीण जातं. आणि ते वचन तर गुपचूप काहीच सांगत नाही : आज्ञेची हाक, आद्यदिव्यदूताची वाणी, देवाचा कर्णा.

इस्राएलचा मुद्दा थोडक्यात. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झालं आणि 1967 मध्ये युद्धात यरुशलेम त्याच्या ताब्यात आलं, त्यानंतर डिस्पेन्सेशनल पुस्तकांना बहर आला आणि रोज बातम्यांत वचन शोधायची सवय लागली. रोमकरांच्या अकराव्या अध्यायात इस्राएलविषयी आशा आहे हे अनेक अमिलेनियल, पोस्टमिलेनियल अभ्यासकही मानतात. ती सीमारेषांची आणि सरकारांची आशा आहे असं मात्र तिथे दिसत नाही.

पोस्टमिलेनियल मत आज आपल्याकडच्या मंडळ्यांत क्वचितच भेटतं, म्हणून त्यावर सही करायची वेळ येणार नाही. तरी त्याच्याविषयी हळवं व्हावं असं कारण आहे. 1813 मध्ये मुंबईला उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांची पिढी याच आशेच्या हवेत वाढली होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूएल यांनी 1818 मध्ये जगातल्या साठ कोटी अख्रिस्ती लोकांच्या हक्काविषयी पुस्तिका लिहिली, जणू हिशेब मांडला की काम उरकता येतं. न्यूएल 1821 मध्ये गेले, हॉल 1826 मध्ये नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेले. तोवर बाप्तिस्मा घेतलेले मोजकेच होते. पुढे 1914 च्या महायुद्धाने या आशेचं युरोप-अमेरिकेत कंबरडं मोडलं.

लोक मला म्हणतात, यातल्या कोणत्याही मताने रोजच्या जगण्यात काय फरक पडतो? पडतो, पण सांगतात तसा नाही. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन सुवार्तिक डी. एल. मूडी प्रीमिलेनियल होते. ते म्हणत की जग हे फुटलेलं जहाज आहे आणि देवाने माझ्या हाती होडी दिलीय. तर्काने पाहिलं तर प्रभू उद्या येतोय म्हणणाऱ्याने शाळा बांधू नये. मूडींनी बांधल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 चं संजीवन (आत्मिक जागृती) झालं, प्रभू लवकर येतोय ही अपेक्षा त्या काळच्या पेन्टेकॉस्टल वातावरणात ठासून भरलेली होती, आणि तरी पंडिता रमाबाई 1922 मध्ये मृत्यूपर्यंत मराठी बायबलचं भाषांतर घासूनपुसून नीट करत होत्या. उलट, ख्रिस्त आत्ताच राजा आहे म्हणणाऱ्या आमच्यासारख्या मंडळ्यांत येण्याची वाट पाहणंच विसरून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पास्काच्या (ईस्टरच्या) दिवशी गर्दी, नाताळाआधीच्या आगमनकाळात हरवलेली. या बाबतीत प्रीमिलेनियल शेजाऱ्यांकडून आम्ही शिकावं.

एक धोका मात्र थेट मोजता येतो, तो तारखांचा. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी प्रभू येण्याचा दिवस 22 ऑक्टोबर 1844 धरून शेतं न कापताच ठेवली होती. दिवस उजाडला आणि मावळला. त्या निराशेतून पुढे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, जिच्या मते ती हजार वर्षं संत स्वर्गात असतात आणि पृथ्वी ओसाड पडलेली असते. म्हणजे प्रीमिलेनियल मताची आणखी एक वेगळीच तऱ्हा. कोणत्याही मंडळीत फळ्यावर वर्षांची बेरीज-वजाबाकी सुरू झाली की मी चपला घालतो.

तर सहीचं काय? तुम्ही कॅथलिक असाल आणि कॅथलिकच राहणार असाल तर प्रश्नच नाही. 1944 मध्ये रोमने सौम्य स्वरूपातलंही पृथ्वीवरच्या राज्याचं मत सुरक्षितपणे शिकवता येत नाही असं स्पष्ट सांगितलंय. प्रॉटेस्टंट असाल तर आधी पाळकांना विचारा की हे कलम सभासदत्वाची अट आहे की शिक्षकांपुरतं आहे. बऱ्याच मंडळ्यांत ते शिक्षकांपुरतंच असतं आणि कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. मग प्रेषितांची कृत्ये 2, पहिलं करिंथ 15, पहिलं थेस्सलनीका 4 आणि शेवटी प्रकटीकरण 20, या क्रमाने वाचा. उलट क्रमाने वाचलंत तर बहुधा प्रीमिलेनियल व्हाल. तोही निर्णय प्रामाणिक असेल, पण मग किमान ऐतिहासिक चुलीवर बसा. मी स्वतः अमिलेनियल आहे, ‘जिवंत झाले’ या दोन शब्दांपाशी दर वेळी अडखळत.

मागच्या वर्षी एका जोडप्याने त्या कलमासमोर पेन्सिलीने ‘येणं मान्य, क्रम अजून नाही’ असं लिहून अर्ज दिला. पाळकांनी चहा मागवला, दोन तास वाद घातला, आणि अर्ज ठेवून घेतला.