बिडाचा तवा आणि ट्रायप्लाय कढई: आठ महिने वापरल्यानंतर

जुन्या नॉनस्टिक तव्याच्या मधोमध नखाएवढा टवका उडालेला दिसला आणि मी तो त्याच दिवशी बाद केला. 'पीएफओए फ्री' असा शिक्का बघून निर्धास्तपणे घेतला होता. पीएफओए हे कोटिंग बनवताना वापरलं जाणारं रसायन. ते वगळलं तरी तव्यावरचा थर पीटीएफईचाच, म्हणजे टेफ्लॉनचाच राहतो, आणि पीटीएफईसुद्धा पीएफएएस या निसर्गात सहजी न विघटणाऱ्या रसायनांच्याच कुळातलं. शिक्क्यावर याचा उल्लेख नसतो, याचा मला अजून राग येतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत २६० अंशांपुढे जातो, तिथून कोटिंग बिघडायला लागतं आणि ३५० च्या वर विषारी वाफा सुटतात. पाळलेले पक्षी तर अशा वाफांनी मरतात. आमचा पिंजरा स्वयंपाकघराला लागूनच आहे.

आता रोज बिडाचा तवा. पहिले दोन आठवडे त्याने रडवलं. सीझनिंग करताना, म्हणजे तेल लावून तापवून तव्यावर त्याचा थर बसवताना, मी तेल सढळ हाताने लावत होते, त्यामुळे तवा चिकट व्हायचा, बोट टेकवलं तर ठसा उमटायचा. मग तेल लावून तवा कोरडा वाटेपर्यंत कापडाने पुसायचा आणि नंतर तापवायचा, असं चार वेळा केलं. करडा रंग जाऊन काळी तकाकी आली. आता अंडं उलथण्याच्या टोकाने अलगद सुटतं. तवा जड आहे, मनगट दुखत असेल तर घेऊ नका. धुतल्यावर लगेच आचेवर सुकवायचा, नाहीतर गंज धरतो.

टोमॅटो, लिंबू यात शिजवायचं नाही. सीझनिंग उतरतं आणि लोखंडाची चव येते. आंबटासाठी ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांची कढई घेतली. आत ३०४ या प्रकारचं स्टेनलेस स्टील, मधे ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियममुळे आच सगळीकडे सारखी पोचते, पण ते अन्नाला लागत नाही. पाण्याचा थेंब मण्यासारखा पळायला लागला की तेल घालते, मग काही चिकटत नाही.

एक गोष्ट मात्र जपते. ३०४ मध्ये साधारण ८ टक्के निकेल असतं, आणि नव्या भांड्यात आंबट पदार्थ बराच वेळ शिजला तर थोडं उतरतं. माझ्या मुलीला निकेलची ॲलर्जी आहे, साध्या कानातल्यानेही तिला पुरळ उठतं. म्हणून तिचं आंबट काचेच्या भांड्यात होतं. बाकीच्यांसाठी मला या कढईची काळजी वाटत नाही.

स्टील घेताना तळाशी ३०४ किंवा १८/८ (त्याच स्टीलचं दुसरं नाव) कोरलंय का ते बघा. नुसतं 'फूड ग्रेड' लिहिलं असेल तर मी ते भांडं परत ठेवते.