जळगावातली बॉक्सिंगची जिम, आणि भारी कोणता, जॅब की हूक

दोन महिने झाले जातोय, महिन्याला 900 रुपये. ठोसे मारायच्या बॅगा दोनच, त्यातल्या एकीची शिवण उसवलीय आणि आतल्या चिंध्या खाली बसून बूड दगड झालंय, खाली बॉडी शॉट, म्हणजे पोटावरचा ठोसा, मारला की मनगट बोंबलतं. तिथले ग्लोव्हज घेऊच नका भो, वास घरापर्यंत येतो. मे महिन्यात पत्र्याखाली एक पंखा, म्हणजे समजून घ्या.

पण सर एक नंबर. पहिले तीन आठवडे नुसता जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आम्ही वैतागलो, सगळ्यांना टायसनचा अपरकट, तो खालून वर हनुवटीवर मारायचा ठोसा, पाहिजे होता ना. त्यावरून जो वाद पेटला, एक जण म्हणे हेवीवेट बॉक्सर वाइल्डरचा राइट, म्हणजे उजव्या हाताचा ठोसा, 2019 ला ऑर्टिझसमोर पॉइंटवर मागे होता आणि सातव्या राउंडला एका राइटमधे खेळ खल्लास. मी जो फ्रेझरच्या लेफ्ट हूकवाला, म्हणजे डाव्या हाताने बाजूने वळवून मारलेला ठोसा, 1971 ला पंधराव्या राउंडला त्याने मुहम्मद अलीला पाठीवर पाडलं, अजून काय पाहिजे! सर म्हणे जुना चॅम्पियन लॅरी होम्सचा जॅब बघा, समोरच्याला पायच रोवू देत नाही, राइट बसतो तो जॅबनेच जागा केली म्हणून.

मला काही पटलं नाही. मग सरांनी पॅडवर, म्हणजे हातात घालून ठोसे झेलायच्या गाद्यांवर, घेतलं मला, जॅब मारून हात परत आणताना मी खाली सोडतो, तेवढ्यात गालावर पॅडची टपली. तीनदा. चौथ्यांदा हात आपोआप हनुवटीशी.

चार स्टार, एक बॅगेचा कापला. सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते.