शिक्का खरा वाटला, पण तारखा जुळेनात

सोनेरी मुलाम्याची जुनी फ्रेंच शमादानं, म्हणजे मेणबत्ती लावायचे स्टँड, घेणार असाल तर तळाच्या शिक्क्यावर विसंबू नका. मुकुटाखाली 'सी' अक्षर असा तो शिक्का असतो. पॅरिसमधल्या एका दुकानदाराने माझ्या हातात भिंग देऊन तोच दाखवला. "सोळाव्या लुईच्या काळातली जोडी आहे, पुरावा बघा," म्हणाला. मी चांगली घसघशीत रक्कम मोजली.

लिलावासाठी वस्तू पारखणाऱ्या एका बाईंनी शमादान हातात घेण्याआधीच मान हलवली. हा शिक्का कराचा. 1745 ते 1749 या काळात फ्रान्समध्ये तांब्याच्या मिश्रधातूंवर कर होता, तो भरल्याची ही खूण. माझ्या जोडीला पन्हळीदार सरळ खांब आणि लॉरेलच्या माळा. ही घडण सोळाव्या लुईच्या वळणाची, आणि तो गादीवर आला 1774 मध्ये. तोवर कर उठून पंचवीस वर्षं झाली होती!

मग त्यांनी एक शमादान उलटं केलं. पूर्वी सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझवर लेप देत आणि आचेवर पारा उडवून लावत. त्या वाफेने मुलामा देणाऱ्यांचे हातपाय थरथरत, दात हलत. इतक्या मोलाचं सोनं न दिसणाऱ्या तळाला कोण लावेल? तिथे ब्राँझ उघडंच राहतं, फार तर कडेला एखादा ओघळ. माझ्या जोडीचा तळ वरच्याइतकाच पिवळाधम्मक. हा विजेवर चढवलेला मुलामा, 1840 च्या सुमारास रुळू लागलेला. शिवाय गुथिएरसारखे त्या काळातले मुलाम्याचे उस्ताद काही भाग मंद, मखमली ठेवत आणि काही अकीकाने घोटून चकाकवत. इथे पानं, खांब, बैठक, सगळीकडे एकच झगमगाट. पानांच्या शिरांवर छिन्नी फिरल्याची खूणही नाही. नवी म्हणून विकली असती तरी मी कदाचित घेतली असती, पण या भावात नव्हे.

दुकानात गेलो तर त्याने बिलावर बोट ठेवलं. तिथे 'सोळाव्या लुईची शैली' असं लिहिलेलं. 1981 च्या फ्रेंच नियमानुसार बिलावर 'सोळाव्या लुईचा काळ' लिहिलं असेल तर विक्रेता त्याला बांधील राहतो, नुसत्या 'शैली'ला नाही. स्वतः तोंडी काय बोलला ते त्याला आठवत नव्हतं. शिक्का म्हणे "माझ्याकडे आली तेव्हापासूनच होता."

पैसे परत मिळाले नाहीत. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा आधी शमादान उलटं करा आणि पाकीट काढण्यापूर्वी काळ बिलावर लिहून मागा. दुकानदार कां-कूं करू लागला तर पुढच्या दुकानात जा.