समची सनसेट सफारी: शेवटच्या वीस मिनिटांचा भाव

नाताळच्या सुट्टीत जैसलमेरला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. किल्ला बघा, पटवांच्या हवेल्या बघा, गडीसर तलावाच्या पायऱ्यांवर निवांत बसा. तिथे फार तर एखादी शाल दुप्पट भावाने गळ्यात पडेल. खरा खिसा कापला जातो तो शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, सम गावच्या वाळूत, संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान. वेळ मुद्दाम सांगतेय, कारण तिकडचा सगळा खेळ घड्याळावर चालतो.

आम्ही सोलापूरचे. मी, आमचे हे, सासूबाई आणि दोन मुलं. तंबूतला मुक्काम, दोन वेळचं जेवण, रात्रीचा नाच-गाण्याचा कार्यक्रम, उंटाची फेरी आणि 'प्रायव्हेट जीप सफारी विथ सनसेट' असं मिळून माणशी साडेतीन हजार, मुलांचे निम्मे. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं, अर्धे पैसे आधी भरले. पॅकेजवाल्याने पाठवलेल्या फोटोत एक कोरी करकरीत लाल थार जीप वाळूच्या धारेवर उभी होती आणि मागे सूर्य अगदी मापात बसवलेला.

समच्या रस्त्याला लागलं की मोटारसायकली मागे लागतात. यांना तिकडे लपके म्हणतात. गाडीला गाडी लावून काचेवर टकटक करतात, कुठला कॅम्प ते विचारतात आणि तुम्ही नाव सांगितलंत की लगेच, "वो तो बंद हो गया". राजस्थानात 2010 साली पर्यटन व्यवसायासाठी कायदा झाला, त्यात असं मागे लागणं गुन्हा ठरवलंय. अधूनमधून पोलीस धरपकडही करतात. पण सुट्टीच्या दिवसांत रस्त्यावर बघाल तर कायदा कुठल्या राज्याचा असा प्रश्न पडेल. आमच्या जोधपूरच्या टॅक्सीवाल्याने काच उघडू दिली नाही, त्यामुळे आम्ही सुटलो आणि त्याच खुशीत कॅम्पवर उतरलो. संध्याकाळपर्यंत 'यापेक्षा लपका परवडला' म्हणायची पाळी आली.

कॅम्पवर साडेतीनलाच पोचलो होतो. कपाळाला टिळा, गळ्यात माळ, ढोलकवाला, चहा, भजी. जीप कधी, असं विचारलं की "अभी धूप है, आराम कीजिए". साडेचारला विचारलं, गाडी येतेय. पाचला विचारलं, निघालीय. डिसेंबरअखेरीस तिकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सव्वापाच वाजून गेल्यावर जीप आली. थार नव्हतीच. जुनी जिप्सी, मागचं छत कापून लोखंडी दांडे वेल्ड केलेले, पट्टा एकाही सीटला नाही आणि आत इंदूरचं एक जोडपं आधीच बसलेलं. प्रायव्हेट म्हणजे सरकारी नाही, एवढाच अर्थ असावा.

भाव फुटला तो आम्ही चढून बसल्यावर. ड्रायव्हर म्हणाला, पॅकेजमधली जीप रस्त्यापासून धोऱ्याच्या पायथ्याशी सोडते. धोरे म्हणजे वाळूच्या टेकड्या. आत जायचं असेल तर दीड हजार. सनसेट पॉइंट वेगळा, त्याचे हजार. वनविभागाची पावती पाचशे. पॅकेजवाल्याला फोन लावला तर उचलेना. मुलं तोवर दांडे धरून उभीसुद्धा राहिली होती. यांनी घासाघीस सुरू केली तसा तो शांतपणे पश्चिमेकडे बघून म्हणाला, "देख लो भाईसाब, टाइम तो आपका जा रहा है".

साडेतीन ते पाच आम्हाला भजी का खिलवली, ते त्या एका वाक्यात कळलं. दुपारी साडेतीनला हाच भाव सांगितला असता तर आम्ही खाली उतरून शेजारच्या कॅम्पवर चौकशी केली असती, चार जीपवाल्यांना विचारलं असतं, निम्म्यात सौदा झाला असता. सूर्य दोन हात वर असताना कोणी सौदा करत नाही. हजार किलोमीटरवरून आलेला माणूस त्या वीस मिनिटांसाठी पाकीट उघडतोच. म्हणून गाडी उशिरा येते, म्हणून फोन उचलला जात नाही, म्हणून भाव तुकड्या-तुकड्यांत सांगतात. यातलं काहीही गोंधळामुळे होत नाही.

पावतीचं वेगळंच. पाचशे घेऊन त्याने वहीच्या मापाचा एक गुलाबी कागद दिला. त्यावर शिक्का नाही, क्रमांक नाही, गाडीचा नंबर नाही, नुसतं पक्ष्याचं चित्र आणि 'एन्ट्री'. सम परिसराला लागून डेझर्ट नॅशनल पार्क आहे हे खरं. तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. त्या नावाचा आधार घेऊन पर्यटकाला गाठतात. वर ड्रायव्हरने सांगितलं, "गोडावण भी दिखाएंगे". गोडावण म्हणजे आपला माळढोक, राजस्थानचा राज्यपक्षी. आता सोलापूरच्या माणसाला माळढोक दाखवायला निघालेला हा! नान्नजचं अभयारण्य आमच्या दारात, तिथे एकेका पक्ष्यासाठी लोक उन्हात तासन् तास दुर्बिणी लावून बसायचे आणि तरी हात हलवत परत यायचे. इतका लाजरा पक्षी, उरलाय मोजकाच, तो शंभर जिप्सींच्या हॉर्नमध्ये धोऱ्यावर येऊन उभा राहणार होता. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "अगं, कबुतर दाखवील आणि माळढोक म्हणेल."

त्यानंतर ट्रॅक्टर. हा प्रकार नीट सांगते, कारण हा सगळ्यांच्या वाट्याला येऊ शकतो. दोन धोरे वर-खाली केले, मुलं किंचाळली, बरं वाटलं. तिसऱ्याच्या पायथ्याला गाडी थांबली. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, मागची चाकं गरगर फिरून वाळू उडवू लागली आणि गाडी मागून बसत चालली. आमच्या यांचं घराणं बार्शीकडचं, शेतात ट्रॅक्टर हाकत वाढलेलं. ते उडी मारून खाली उतरले आणि वाकून बघून म्हणाले, "अहो, पुढची चाकं फिरतच नाहीत!" जिप्सीला चारही चाकांना ताकद देणारा वेगळा दांडा असतो, तो त्याने टाकलाच नव्हता. की मोडलेला होता, देव जाणे. रुतलेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलं की चाक आणखी खोल जातं, हे आमच्या मळ्यात चिखल झाला की पोरंही सांगतात. टायरसमोरची वाळू हाताने काढायची, हवा कमी करायची, आलो त्याच चाकोरीतून हळू मागे घ्यायची. यांनी हे सांगितल्यावर ड्रायव्हर म्हणाला, रेतीचं तुम्हाला नाही कळणार.

पाच मिनिटांत ट्रॅक्टर हजर. त्या उजाड जागी, कोणी फोन न करता. ट्रॅक्टरवाल्याच्या सीटखाली दोर तयार गुंडाळलेला. ओढायचे दीड हजार. आम्ही नाही म्हटलं तर, मग इथून कॅम्प तीन किलोमीटर आहे, चालत जा. सासूबाईंना मणक्याचं दुखणं, त्यांना वाळूत तीन किलोमीटर कसं चालवणार? इंदूरवाल्यांनी अर्धे दिले, अर्धे आम्ही. ट्रॅक्टरने हिसका दिल्याबरोबर गाडी बाहेर आली. ड्रायव्हर आणि ट्रॅक्टरवाला एकमेकांकडे न बघता बिडी पेटवून उभे होते. रात्री कॅम्पवर पोळ्या करणाऱ्या पोराला मी सहज विचारलं, तर तो हसून म्हणाला, त्याच खड्ड्यात रोज दोन-तीन गाड्या बसतात.

सूर्यास्त पाहिला का? पाहिला. सनसेट पॉइंट म्हणून नेलं तो धोरा पक्क्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होता. खाली चहाच्या टपऱ्या, मॅगी, उंटवाले, समोर जीपांची रांग, आणि त्या रांगेतल्या एका टपावर सूर्य टेकलेला. आम्ही टॅक्सीने आलो तेव्हा याच जागेवरून गेलो होतो. म्हणजे आतल्या-आत गोल फिरवून पुन्हा रस्त्याकाठी आणून सोडलं होतं आणि त्या रस्त्याकाठचे हजार घेतले होते. तिथे वाळूवर मोरचंग नि खडताल ही वाद्यं घेऊन बसलेले गाणारे होते, पाच वर्षांची पोरंसुद्धा काय सुरात गात होती. त्यांना शंभर-पन्नास द्या, त्यात फसवणूक नाही, ती मजुरी आहे. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच.

परतताना अंधार पडला. ड्रायव्हर खूश होता, म्हणून त्याने एक गोष्ट फुकट दाखवली. लांबवर लुकलुकणारे लाल दिवे दाखवून म्हणाला, "वो पाकिस्तान". इंदूरवाल्या ताईंनी व्हिडिओही काढला. ते पवनचक्क्यांचे दिवे होते. जैसलमेरभोवती पवनचक्क्यांचं जंगल आहे आणि रात्री विमानांसाठी त्यांच्या माथ्यावर लाल दिवे लागतात. साताऱ्याकडचा माणूस झटकन ओळखेल. समहून तासाभराच्या फेरीत सरहद्द दिसत नाही, कुणी 'बॉर्डर पॉइंट'चे वेगळे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. सरहद्दीजवळचं तनोट-लोंगेवाला बघायचंय तर तो रस्ता वेगळा, तिथे सकाळी निघून अख्खा दिवस काढावा लागतो.

पैसे देताना आणखी गंमत. नेटवर्क नाही, रोखच द्या म्हणे, आणि हे सांगताना त्याच्या दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल चालू. हट्टच धरला तेव्हा क्यूआर कोड निघाला, तो भलत्याच नावाचा. तरी तोच वापरला, पुढे तेवढाच पुरावा कामी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन मी कॅम्पसमोरच्याच वाळूत चालत गेले. कोणी अडवलं नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. रात्रभराच्या वाऱ्याने टायरच्या खुणा पुसल्या होत्या, भुंग्यांच्या पायांची बारीक शिवण तेवढी वाळूवर उमटलेली. ज्यांना फक्त धोरे बघायचेत त्यांनी हेच करावं. जीप लागतच नाही.

आणि जीपचीच हौस असेल तर चांगला ड्रायव्हर कसा असतो तेही सांगते. जैसलमेरला परत आल्यावर, गेस्ट हाऊसच्या मालकांनी त्यांच्या ओळखीच्या एका काकांबरोबर आम्हाला खुहडीकडे पाठवलं. खुहडी समपेक्षा थोडं लांब, दक्षिणेला, गर्दी बरीच कमी. काकांची गाडी साधीच, पण नंबरप्लेट पिवळी. वाळू सुरू व्हायच्या आधी ते खाली उतरले, चारही चाकांपाशी एकेकदा उकिडवे बसले, व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात घातली आणि काडीने पिन दाबून धरली. सूं करून हवा जात होती, मधेच थांबून मीटर लावून बघायचे. तिसाच्या आसपासची हवा पंधरा-सोळावर आणली. टायर खाली पसरून रुंद झाला की वाळूवर तरंगतो, कडक टायर रुततो, असं त्यांनी मुलांना दाखवून सांगितलं. मग दांडा टाकला, पुढची चाकं फिरतात ना ते यांनाच बघायला लावलं. सासूबाईंना म्हणाले, "माँजी, आप यहीं बैठो, चाय पियो", आणि गाडीत चढूच दिलं नाही. आदल्या ड्रायव्हरने त्याच सासूबाईंना "कुछ नहीं होगा" म्हणत मागच्या चाकांवरच्या सीटवर बसवलं होतं, त्यांची कंबर सोलापूरला पोचेपर्यंत धरलेली होती.

नंबरप्लेट बघाच. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी, ती भाड्याने चालवायला परवानगी नाही. अशा गाडीचा विमा भाड्याने नेलेल्या प्रवाशाला लागू होत नाही, आणि धोऱ्यावरून गाडी उलटली तर तो वाद कोर्टात घालत बसावं लागेल. हवा न काढता वाळूत शिरणाऱ्या गाडीतून लगेच उतरा. पॅकेज घेताना 'जीप सफारी' एवढ्यावर थांबू नका. कुठून कुठपर्यंत, किती मिनिटं, गाडी कुठली, आत आणखी कोण, सूर्यास्त कुठे बघायचा, हे मेसेजमध्ये लिहून घ्या. आणि गाडी साडेचारला दारात नाही आली, तर रस्त्यावर जाऊन दुसरी ठरवा. पाचनंतर बोलणी करण्यात अर्थ नाही.

आम्ही पर्यटकांच्या 1363 या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी जैसलमेरच्या पोलिसांकडे नोंद करायला सांगितली. घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे 1915 वर तक्रार टाकली, सोबत लाल थारचा फोटो, 'प्रायव्हेट' लिहिलेला मेसेज आणि क्यूआरची नोंद. इतके दिवस फोन न उचलणाऱ्या पॅकेजवाल्याचा स्वतःहून फोन आला, गोड बोलला, जीपचे वरचे पैसे आणि ती गुलाबी पावती धरून तीन हजार परत केले. ट्रॅक्टरचं भाडं मात्र कुठल्याच मेसेजमध्ये नव्हतं, आणि रोख दिलेलं, त्यामुळे ते गेलंच.