थेरपिस्टांची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी: गोव्यातल्या खासगी प्रॅक्टिसला कितपत पुरते?

म्हापशातलं फिजिओथेरपी क्लिनिक असो की पणजीत भाड्याच्या खोलीत चालणारं समुपदेशन, प्रोफेशनल इन्डेम्निटी, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल पेशंटने भरपाई मागितली तर कामी येणारा विमा, मागितला की एजंट बहुधा डॉक्टरांसाठी बेतलेली पॉलिसीच पुढे करतो. फिजिओला ती बऱ्यापैकी लागू पडते. समुपदेशकाने किंवा सायकॉलॉजिस्टने मात्र ती आहे तशी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांच्या नेहमीच्या नमुन्यात संरक्षण असतं ते हलगर्जीमुळे पेशंटला झालेल्या शारीरिक इजेला किंवा मृत्यूला. हॉट पॅकने कातडी भाजली, मानेला चुकीचा झटका दिला, असले दावे त्यात बसतात. समुपदेशकावरचे आरोप वेगळे असतात: सेशनमधली गोष्ट बाहेर गेली, मुलाच्या ताब्याच्या खटल्यात दिलेल्या पत्राने बदनामी झाली, आत्महत्येचा धोका ओळखला नाही. यातल्या पहिल्या दोन्हींत कुणाच्या शरीराला खरचटलेलंही नसतं, आणि नेमकं तेवढ्यावर क्लेम अडू शकतो. म्हणून मानसिक त्रास, गोपनीयतेचा भंग आणि बदनामी हे तिन्ही शब्द पॉलिसीत किंवा तिला जोडलेल्या एन्डोर्समेंटमध्ये (पुरवणी कागदात) छापून घ्या. एजंटने व्हॉट्सॲपवर ‘सगळं कव्हर आहे’ म्हटलं, तरी क्लेमच्या वेळी पॉलिसीचा मजकूरच बघितला जातो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. एकाच वाड्यावरची दोन माणसं एकाच थेरपिस्टकडे येतात अशा लहान राज्यात हा धोका कागदावरचा नाही.

दुसरी गोष्ट रेट्रोॲक्टिव्ह डेटची, म्हणजे ज्या तारखेपासूनच्या कामाला संरक्षण मिळतं तिची. ही पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ पद्धतीची असते. चूक रेट्रोॲक्टिव्ह डेटनंतर झालेली हवी आणि दावाही पॉलिसी चालू असताना यायला हवा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. म्हणजे 2024 मधल्या सेशनची नोटीस 2026 मध्ये येऊ शकते. मध्ये रिन्यूअल चुकलं आणि नवी पॉलिसी नव्या तारखेपासून सुरू झाली, तर जुनी सगळी सेशन्स उघडी पडतात. हप्ता थोडा कमी मिळतो म्हणून कंपनी बदलणारे इथेच फसतात. बदलायचीच असेल तर जुनी रेट्रोॲक्टिव्ह डेट नव्या शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) आलेली दिसल्याशिवाय पैसे भरू नका. प्रॅक्टिस बंद केल्यावरही निदान 2 वर्षं पॉलिसी चालू ठेवावी.

रक्कम किती घ्यावी? शेड्यूलमध्ये एओए आणि एओवाय असे दोन आकडे असतात: एका घटनेची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा. वर्षाला 40 लाख आणि प्रमाण 1:4 असेल, तर एका दाव्याला 10 लाखच मिळतात. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्यावर वर्षात चार दावे येणं दुर्मीळ. भीती असते ती एका मोठ्या दाव्याची. त्यामुळे 1:1 घ्यावं, म्हणजे पूर्ण रक्कम एकाच दाव्यालाही मिळते. बऱ्याच पॉलिसींत वकिलाचा खर्चही याच रकमेतून वजा होतो, हे धरून आकडा ठरवा. आपल्या फीवरून अंदाज बांधू नका. तक्रार कुठल्या ग्राहक आयोगाकडे जायची ते भरलेल्या फीवरून ठरतं; ती 50 लाखांच्या आत असल्याने तक्रार जिल्हा आयोगाकडेच जाते, आणि फी 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारदाराला तिथे शुल्क भरावं लागत नाही. मागितलेली भरपाई मात्र फीच्या कितीतरी पट असू शकते.

प्रपोजल फॉर्ममध्ये पदवी आणि नोंदणी जशी आहे तशीच लिहा. आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी नसताना ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिलं, तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. फिजिओने ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुया टोचून केलेले उपचार), घरी जाऊन दिलेली सेवा आणि हाताखालचे सहायक, सगळं आधीच नोंदवावं.

गोव्याच्या दृष्टीने या पॉलिसीची सगळ्यात दुबळी बाजू म्हणजे कार्यक्षेत्र. साधारणपणे भारतातली सेवा आणि भारतातली न्यायालयं एवढंच त्यात येतं. लंडन, लिस्बन किंवा आखातात राहणाऱ्या गोंयकारांशी ऑनलाइन सेशन करणाऱ्यांची संख्या इथे कमी नाही. तिथल्या कोर्टात दावा झाला तर ही पॉलिसी कामाची नाही. जादा हप्ता भरून कार्यक्षेत्र वाढवून मिळतं का ते विचारा, आणि अमेरिका-कॅनडा वगळलेले आहेत का तेही बघा. नाहीच मिळालं तर परदेशातल्या क्लायंटचं काम कमी ठेवणं शहाणपणाचं.

दंड, फौजदारी गुन्हे, जाणूनबुजून केलेलं वर्तन आणि दारूच्या अमलाखाली केलेलं काम कुठल्याच पॉलिसीत येत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल पोलिसांना कळवायचं राहिलं, तर त्याची शिक्षा विम्याने टळत नाही. ‘दहा सेशनमध्ये कंबरदुखी गायब’ अशी हमी फलकावर लिहिली असेल, तर त्या हमीची जबाबदारीही तुमचीच. पावसाळ्यात क्लिनिकच्या ओल्या पायरीवरून कुणी घसरलं, तर त्याला पब्लिक लायबिलिटी कव्हर वेगळं लागतं.

नोटीस आली की त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा आणि पोच जपून ठेवा. जिल्हा आयोगापुढे उत्तराला 30 दिवस मिळतात, फार तर आणखी 15. त्यापुढे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवलं आहे. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नका, फी परत करून मिटवायचा प्रस्तावही देऊ नका. नोटीस नसली तरी गंभीर प्रसंग घडला, क्लायंट चिडून गेला किंवा नातेवाइकांनी धमकी दिली, तर तेही पॉलिसीच्या मुदतीतच लेखी कळवा. पुढे दावा आला तर बहुतेक पॉलिसींत तो त्याच वर्षाचा धरतात. सेशनच्या नोंदी, संमतीपत्र आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयाकडे पाठवल्याची चिठ्ठी, सगळं तारखेनिशी हवं. आणि ते एजंटला न देता कंपनीने नेमलेल्या वकिलाच्या हाती द्यावं.