18 इंची अलॉय चाके : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दसऱ्याला मी गाडीला बाहेरून 18 इंची अलॉय चाके बसवून घेतली आणि यंदाच्या पोळ्याला ती उतरवली. गाडी चार मीटरच्या आतली पेट्रोल एसयूव्ही आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, म्हणून तिचे नाव लिहीत नाही. हा अनुभव चाकांचा आहे.

गाडी घेताना मी मधले व्हेरिएंट घेतले, त्यामागे हिशेब होता. वरचे व्हेरिएंट दीड लाखाने महाग होते, शिवाय किंमत 10 लाखांच्या वर गेली की आपल्याकडे पेट्रोल गाडीचा रस्ता कर 11 ऐवजी 12 टक्के लागतो. मधल्या व्हेरिएंटला लोखंडी रिम आणि त्यावर प्लास्टिकची व्हीलकॅप येते. ही व्हीलकॅप आठ आण्यांची वस्तू वाटते, पण नागपुरात ती ओळखपत्रासारखी वाचली जाते. गाडी घरी आली त्या आठवड्यात साडू मनीषनगरला आमच्याकडे आले, गाडीभोवती एक फेरी मारली, व्हीलकॅपवर बोट टेकवले आणि विचारले, "टॉप नाही घेतलं?" ते वाईट हेतूने बोलले नव्हते. पण सनरूफ, फॉग लॅम्प आणि चाके पाहून माणसाने किती पैसे मोजले आणि कुठे हात आखडला, हे आता कोणीही सांगू शकतो, आणि खालचे मॉडेल वरच्यासारखे दिसावे यासाठी होणारा निम्मा खर्च या एका प्रश्नापायी होतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. मी 96,000 रुपये मोजून चार चाके आणि चार टायर बसवून घेतले.

दुकानदाराने काचांना काळी फिल्म लावण्याचीही गळ घातली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यामुळे मोह झाला, पण सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 च्या निकालात काचेवर फिल्म लावण्यास मनाई केली होती आणि पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के, तर बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आत येणे नियमाने बंधनकारक आहे. चौकाचौकांत थांबवून घेण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून ते टाळले.

चौथ्या महिन्यात मला कोणी विचारले असते, तर मी या चाकांची शिफारस केली असती. वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये लग्न होते, तिथे गाडी लावणाऱ्या मुलाने माझी गाडी मागे न नेता प्रवेशद्वारासमोरच्या पहिल्या रांगेत उभी केली. मी इलेक्ट्रिकल कंत्राटे घेतो. बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात माझी जुनी हॅचबॅक दोन वर्षे फाटकाबाहेर उन्हात उभी राहत असे, तिथे नव्या गाडीला रखवालदाराने पहिल्याच दिवशी फाटक उघडले. ज्याचा माल, मजुरी आणि बिल समोरच्याच्या विश्वासावर चालते, त्याच्यासाठी या गोष्टी क्षुल्लक नसतात. गाडीचा दिखावा करणाऱ्याला सरसकट उथळ म्हणणारे लोक बहुधा कधी फाटकाबाहेर थांबलेले नसतात.

आता चाकांच्या मूळ दोषाविषयी. कंपनीचा टायर 215/60 आर16 होता (म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 16 इंची) आणि मी 235/45 आर18 घातला. बाहेरचा व्यास जवळपास सारखाच राहतो, साधारण 664 मिलिमीटरचा 669 होतो, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा फसवत नाही आणि दुकानदार हेच मोठ्या अभिमानाने सांगतो. तो हे सांगत नाही की रिमचा व्यास दोन इंचांनी वाढला, म्हणजे वरची-खालची बाजू मिळून जवळपास तेवढे रबर कमी झाले. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची टायरची भिंत 129 मिलिमीटरची होती, ती 106 वर आली. कमी झालेले हे 23 मिलिमीटर म्हणजेच खड्ड्याचा मार खाणारी गादी. माझ्या नव्या टायरवर भारांक 94, म्हणजे एका टायरला 670 किलो, असा छापलेला होता; जुन्यावर 95, म्हणजे 690 किलो, होता. हे आकडे मी बसवण्याआधी वाचले नाहीत. घरच्या काट्यावर जुने चाक टायरसह 18 किलो भरले आणि नवे 22 किलो. वाढलेले हे वजन स्प्रिंगच्या खाली असते, म्हणून प्रत्येक धक्का बुशवर, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरावर, जास्त जोराने जातो.

त्याचे परिणाम एकेक करून दिसले. शहरातले अ‍ॅव्हरेज साडेपंधरावरून पावणेचौदावर आले. समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाताना नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. चाकाचे मधले भोक गाडीच्या हबपेक्षा मोठे होते आणि ती फट भरणारी प्लास्टिकची रिंग दुकानात बसवलीच नव्हती. सहाव्या महिन्यात पुढच्या लोअर आर्मचे बुश वाजू लागले, तेव्हा सर्व्हिस सेंटरने बाहेरची चाके पाहून वॉरंटी नाकारली. मी तेव्हा खूप भांडलो. चाकांमुळे बुशवर ताण येतो हे त्यांचे म्हणणे चूक नव्हते, हे आज मान्य करतो, पण गाडी लिफ्टवर न चढवता, नुसत्या चाकांकडे पाहून अर्ज बाजूला सारणे मला आजही अन्यायाचे वाटते. बुशचे 5,400 रुपये मी भरले.

पोळ्याच्या दिवशी आम्ही उमरेड रोडने गावाकडे निघालो होतो. दिघोरी ओलांडल्यावर समोरून आलेल्या ट्रकला वाट द्यायला मी गाडी डावीकडे घेतली. तिथे सिमेंटचा रस्ता संपून गट्टू सुरू होतात आणि दोन्हींच्या उंचीत चांगला चार बोटांचा फरक होता. वेग तीसही नसेल. चाक खाली उतरून पुन्हा वर चढताना ठण्ण असा आवाज आला, टायर बाजूने फाटला आणि रिमला केसाएवढी चीर गेली. जवळच्या पंक्चरवाल्याने बोटाने ती फाट उघडून दाखवली आणि म्हणाला, "भाऊ, हा बाजूनं फाटला, याले पॅच लागत नाही." मागे स्टेपनी होती, पण ती कंपनीच्या लोखंडी रिमची. अलॉयसोबत आलेले नट त्याने रिमच्या भोकाशी धरून पाहिले आणि मान हलवली. "हे नट या रिमले बसत नाही, याची सीट वेगळी हाये." मूळ वीस नट मी एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले होते. शेजाऱ्याचा मुलगा ते घेऊन येईपर्यंत पावणेदोन तास आम्ही चहाच्या टपरीवर बसून होतो आणि तोरण तुटायच्या वेळी आम्ही गावात नव्हतो. मुलींनी बैलांसाठी घरून करून आणलेल्या पुरणपोळ्या डब्यातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गोठ्यात बैलांच्या पाठीवरची झूल झटकून घडी घालत होते. बाशिंग, घुंगरमाळ, मथाटी सगळे उतरवून खुंटीला लावले आणि शिंगांचा रंग तेवढा राहिला. गावात मानाची जोडी कोणाची यावर आजही रुसवे होतात, घराची ऐपत बैलांवरून ठरते, तेव्हा वाहन सजवून मान मिळवण्याची हौस काही मोटारीबरोबर आलेली नाही. पण जू मानेवर येण्याआधी झूल उतरते, आणि सजावटीसाठी बैलाच्या खुराला कोणी हात लावत नाही. मी नेमका खुरालाच हात लावला होता. चारचाकीच्या 0001 या मानाच्या क्रमांकाचे सरकारी शुल्क 2024 मध्ये दोन लाखांनी वाढले, तरी तो घेणारे आहेत; मला तो खर्च कधी पटणार नाही, पण त्या क्रमांकाने निदान धक्का पेलावा लागत नाही.

गावाहून परतल्यावर चारही जुनी चाके व्हीलकॅपसकट परत बसवली. थरथर गेली आणि अ‍ॅव्हरेज पंधराच्या वर आले. ज्या दुकानातून चाके घेतली, तिथला दुकानदार धड तीन आणि एक चिरलेले मिळून 31,000 देतो म्हणतो, आणि चिरलेले चाक वेल्डिंग करून पुढे विकणार असल्याचेही तो उघड सांगतो. वेल्डिंग केलेल्या रिमवर कोणाचे तरी लेकरू समृद्धीवर 120 ने जाईल, म्हणून ते चाक मी त्याला देणार नाही. उरलेली तीन तो 27,000 ला मागतो आहे.

मागच्या सोमवारी बुटीबोरीला गेलो, तेव्हा व्हीलकॅप लावलेल्या गाडीसाठीही फाटक लगेच उघडले. मी उतरून रखवालदाराला विचारले, तर त्याने वही पुढे केली. गाडी घेतली त्या महिन्यात, म्हणजे अलॉय लागण्याच्या बऱ्याच आधी, कारखान्याच्या साहेबांनी कंत्राटदारांच्या यादीत माझ्या नव्या गाडीचा एमएच 31 चा नंबर स्वतः लिहून दिला होता. जुन्या हॅचबॅकचा नंबर द्यावा, असे मीच त्यांना कधी सांगितले नव्हते.